कोविड, अंगावरचं दूध आणि शिकाऊ डॉक्टरांवरचा आरोप

ऑगस्टचा पहिला आठवडा आला, स्तनपान सप्ताहाचे फलक लागले, की एक मजकूर पुन्हा फिरायला लागतो. यंदा तो मला तीन गटांतून आला. एक शाळेतल्या मैत्रिणींचा, एक सोसायटीचा आणि तिसरा डॉक्टरांचाच. मजकूर लांबलचक आहे, त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कोविडमध्ये पॉझिटिव्ह आयांची नवजात बाळं त्यांच्यापासून तोडली ती शिकाऊ डॉक्टरांनी, म्हणजे इंटर्न आणि रेसिडेंट पोरांनी. या पिढीला आईच्या दुधाची आस्थाच नाही. दूध सुरक्षित आहे हे पहिल्या दिवसापासून माहीत असूनही त्यांनी ते बंद करायला लावलं. जुन्या डॉक्टरांनी असं कधीच केलं नसतं. डब्याच्या दुधाच्या कंपन्यांनी या पोरांना बांधून घेतलंय. आणि शेवटी, बाळाला पाजणं ही निसर्गाची देणगी आहे, ती आजीला कळते, डॉक्टरांनी त्यात लुडबूड करायचं कारणच काय?

मी एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात बालरोग विभागात शिकवते. २०२० आणि २०२१ ही दोन्ही वर्षं त्याच वॉर्डांत गेली. मजकुरामागचा राग मला कळतो, कारण त्याच्या तळाशी खरं दुःख आहे. बाळंत होऊन आठवडा उलटला तरी बाळ मांडीवर न मिळालेल्या आया मी पाहिल्या आहेत. छाती दगडासारखी दाटलेली, ताप भरलेला, आणि हातात मोबाइल, त्यावर सिस्टरांनी पाठवलेला बाळाचा फोटो. हे घडलं, आणि ते घडायला नको होतं. पण खापर ज्यांच्या डोक्यावर फोडलं जातंय ती डोकी चुकीची आहेत. अशानं खरं कारण जागच्या जागी राहतं आणि पुढच्या साथीची वाट पाहत बसतं. म्हणून एकेक मुद्दा घेते.

पहिल्या दिवसापासून माहीत होतं?

नव्हतं. फेब्रुवारी २०२० मध्ये चीनमधल्या तज्ज्ञांनी सूचना काढल्या. त्यांत बाधित आईचं बाळ १४ दिवस वेगळं ठेवावं आणि तोवर तिनं त्याला पाजू नये, असं स्वच्छ लिहिलं होतं. या आजाराच्या बाळंतिणी तेव्हा पाहिल्या होत्या त्या त्यांनीच, त्यामुळे त्यांचं म्हणणं झटकून टाकता येत नव्हतं. १३ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेनं नेमकं उलट सांगितलं: मास्क लावून, हात धुऊन पाजू द्या, आई-बाळाला एकत्र राहू द्या. महिनाअखेरीस आपल्याकडे स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना फॉग्सी, नवजात शिशुतज्ज्ञांचा एनएनएफ आणि बालरोगतज्ज्ञांची आयएपी यांच्या एकत्रित सूचना आल्या. दोघांची तब्येत ठीक असेल तर काळजी घेऊन थेट अंगावर पाजायला त्यांत वाव होता. आणि लगेच २ एप्रिलला अमेरिकेतल्या बालरोग अकादमीनं सांगितलं की बाळ तात्पुरतं वेगळं ठेवा, आईनं दूध काढून दिलं तर चालेल.

हे सगळे कागद आमच्या लेबर रूमच्या टेबलावर एकावर एक पडलेले असायचे. रात्री दोन वाजता बाळंतपण झालेल्या बाईचा स्वॅब पॉझिटिव्ह आला की सव्वीस वर्षांच्या रेसिडेंटनं त्यातला कुठला कागद उचलायचा?

पुरावा हळूहळू जमत गेला. २३ जूनला जागतिक आरोग्य संघटनेनं तोवरची माहिती एकत्र करून मांडली. ४६ बाधित आयांच्या दुधाचे नमुने तपासले गेले होते. ४३ जणींच्या दुधात काहीच सापडलं नाही, तिघींच्या दुधात विषाणूच्या जनुकीय द्रव्याचे अंश सापडले. असे अंश सापडणं म्हणजे जिवंत, लागण करणारा विषाणू सापडणं नव्हे, हा फरक इथे फार मोलाचा आहे. ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात १८ बायकांचे ६४ नमुने तपासले गेले. एकात अंश मिळाले, पण त्यातून प्रयोगशाळेत विषाणू वाढला नाही. त्याच सुमारास न्यूयॉर्कमधून १२० बाळांची माहिती आली. बहुतेक बाळं आईजवळच ठेवली होती, आयांना पाजू दिलं होतं. ज्यांचा आठवडाभर पाठपुरावा झाला त्या ८२ बाळांत एकही पॉझिटिव्ह निघालं नाही. २२ जुलैला अमेरिकी अकादमीनं आपला सल्ला बदलला.

म्हणजे मार्च ते ऑगस्ट २०२० या पाच-सहा महिन्यांत हे उत्तर तयार झालं. त्याआधी ते कुणाच्या खिशात नव्हतं.

मजकुराच्या बाजूनं एक गोष्ट मात्र मान्य करायलाच हवी. २०२१ ची दुसरी लाट आली तेव्हा हे सगळं छापून झालं होतं, तरी काही ठिकाणी बाळं वेगळीच ठेवली जात होती. तिथे माहिती नव्हती ही सबब चालणार नाही. शिवाय 'शंका आहे, तोवर थांबवू या' हा विचार वरवर सावध दिसतो, पण तो फुकटचा नसतो. पहिल्या तीन दिवसांत बाळ ओढत नसेल आणि दूध हातानंही काढलं जात नसेल, तर शरीर दूध बनवणं आवरतं घेतं. भीतीत आणि एकटेपणात पान्हा फुटत नाही. कमी दिवसांचं, कमी वजनाचं बाळ असेल तर हिशेब आणखी कठोर होतो. मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासानं दाखवलं की अशी बाळं आईच्या छातीशी ठेवून, म्हणजे कांगारू पद्धतीनं सांभाळून जितके मृत्यू टळतात, ते कोविडमुळे होऊ शकणाऱ्या मृत्यूंच्या ६५ पट आहेत. तराजूचं हे दुसरं पारडं आमच्यापैकी फार थोड्यांनी त्या दिवसांत पाहिलं.

बाळं तोडली ती पोरांनी?

इथे मला माझीच गोष्ट सांगावी लागेल. एप्रिल २०२० चा शेवटचा आठवडा. बावीस वर्षांची पहिलटकरीण रात्री बाळंत झाली, सकाळी तिचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. बाळ उत्तम होतं, जन्मल्याबरोबर रडलेलं. आमची कोविडची इमारत वेगळी होती आणि नवजात कक्ष दुसऱ्या टोकाला. बाळ इकडे आणा, असं मी केसपेपरवर लिहिलं. मी लिहिलं, माझ्या सहीनं. तिथे उभ्या असलेल्या इंटर्ननं विचारलं, "मॅडम, निदान चीक काढून देता येईल का?" मी म्हटलं, "अगं, त्या इमारतीतून या इमारतीत वाटी घेऊन येणार कोण?" प्रश्न खरा होता. तिकडे तीसेक रुग्णांमागे पीपीई घातलेली एक सिस्टर होती. आत गेलेली कुठलीही वस्तू बाहेर आणायची नाही, असा आमचा नियम होता. पण माझ्या प्रश्नानं त्या मुलीचा प्रश्न तिथेच मिटला.

त्या दिवशी आईच्या दुधाची बाजू घेणारी व्यक्ती त्या खोलीत सर्वांत कनिष्ठ होती, आणि नकार देणारी सर्वांत ज्येष्ठ.

ज्यांनी वॉर्ड पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. इंटर्न म्हणजे साडेचार वर्षांचं एमबीबीएस संपवून एक वर्ष सक्तीनं काम करणारा मुलगा किंवा मुलगी. रक्त काढणं, रिपोर्ट आणणं, नोंदी भरणं हे त्यांचं काम. बाळ कुठे ठेवायचं हे ते ठरवत नाहीत. रेसिडेंट, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेता घेता वॉर्ड सांभाळणारे डॉक्टर, ते ठरवतात, पण युनिटच्या राऊंडला जे ठरलं त्याच्या चौकटीत. ती चौकट प्राध्यापक आखतात, आणि प्राध्यापकांना इमारत, खाटा आणि परिपत्रकं बांधून ठेवतात. आईला बातमी देणारा तोंडवळा मात्र शिकाऊ डॉक्टरचा असतो. मास्कमागून "बाळ द्या" म्हणणारा तोच. म्हणून लोकांच्या लक्षात तो राहिला.

हे फक्त आमच्याकडे झालं असंही नाही. मार्च २०२१ मध्ये 'बीएमजे ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात नवजात बाळांची काळजी घेणाऱ्या, ६२ देशांतल्या आरोग्य कर्मचाऱ्यांची पाहणी आली. बाधित किंवा संशयित आईला बाळ उघड्या छातीशी धरू देत नाही असं दोन-तृतीयांश जणांनी सांगितलं. जवळपास पाव लोक स्तनपानच करू देत नव्हते. त्याच वेळी १७ देशांतल्या २० मार्गदर्शिका तपासल्या गेल्या, तर त्यांतल्या एक-तृतीयांश मार्गदर्शिकांत आई-बाळाला वेगळं ठेवा असंच छापलेलं होतं. इतक्या देशांतले, इतक्या वयांचे लोक एकच चूक करत असतील, तर ती इंटर्नच्या मनोवृत्तीतून आलेली नाही.

मुंबईत नायर रुग्णालय एप्रिल २०२० मध्ये पूर्ण कोविडसाठी ठेवलं गेलं. बाधित आई, तिचं बाळंतपण आणि तिचं बाळ हे सगळं एका छताखाली, एकमेकांशी बोलणाऱ्या विभागांकडे आलं. दुसऱ्या लाटेपर्यंत तिथे हजाराहून अधिक बाधित मातांची बाळंतपणं झाली. रात्रंदिवस राबणारे हात तिथेही रेसिडेंट डॉक्टरांचेच होते, याच पिढीचे. दोन इमारतींमध्ये अंगण असणं आणि नसणं, यानं काय फरक पडतो ते मी माझ्या अंगणात उभी राहून रोज पाहत होते.

या पिढीला आस्थाच नाही?

आस्था मोजायची साधनं आहेत. सर्वांत जास्त वापरलं जातं ते अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या नावाचं, १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेलं. त्यात १७ विधानं असतात, प्रत्येकाला कितपत सहमत आहात ते पाच पायऱ्यांवर सांगायचं. मी स्वतः वर्षानुवर्षं इंटर्नना अशी विधानं विचारते. आईचं दूध बाळासाठी सर्वांत चांगलं, यावर सगळ्यांचे हात वर. ते पचायला हलकं, यावरही. मग मी त्यांना पीएनसी वॉर्डात, म्हणजे बाळंतिणींच्या वॉर्डात नेते आणि म्हणते, या बाईचं बाळ नीट धरत नाहीये, तिला मदत कर. तिथे हात थांबतात. काही जण लाजतात, काही सिस्टरकडे पाहतात, आणि एखादा प्रामाणिकपणे म्हणतो, "मॅडम, हे कधी केलं नाही."

हा सगळा मुद्दा माझ्या दृष्टीनं इथे आहे. त्यांच्या मनात आईच्या दुधाबद्दल आदर भरपूर आहे. हातात कौशल्य नाही, आणि बोलायला अधिकार नाही. आदर असलेला पण कौशल्य नसलेला माणूस दडपणाखाली सोपी वाट धरतो. दूध येत नाही म्हणणाऱ्या बाईला अर्धा तास बसून बाळ लावायला शिकवण्यापेक्षा वरचं दूध लिहून देणं दोन मिनिटांचं काम असतं. बाहेरून पाहणाऱ्याला ती अनास्था वाटते.

हे कौशल्य त्यांना द्यायचं होतं कुणी? २०२० चे इंटर्न २०१५ च्या सुमारास एमबीबीएसला लागलेले, रेसिडेंट त्याहून आधी. ही सगळी मुलं १९९७ च्या जुन्या अभ्यासक्रमातून आली. त्यात स्तनपान म्हणजे एखादं लेक्चर आणि परीक्षेतला एक लघुप्रश्न: आईच्या दुधाचे फायदे लिहा. फायदे सगळ्यांना पाठ. नवा अभ्यासक्रम ऑगस्ट २०१९ मध्ये पहिल्या वर्षापासून लागू झाला. त्यात आईचं समुपदेशन करणं, छातीची तपासणी करून पाजतानाच्या अडचणी ओळखणं, तिचा खासगीपणा जपणं अशा गोष्टी वेगळ्या कौशल्यांच्या रूपात मांडल्या आहेत, आणि वृत्ती व संवाद यांचा स्वतंत्र भागही आहे. पण त्या तुकडीची मुलं साथ आली तेव्हा शरीररचनेचे पहिले धडे गिरवत होती. मार्च २०२० मध्ये महाविद्यालयं बंद झाली, ती पुन्हा उघडायचे आदेश डिसेंबरसाठी निघाले. मधल्या काळात इंटर्न होते ते स्वॅब घेण्यात आणि तापाच्या ओपीडीत खपले. पुढे २०२१ ची पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा जानेवारीवरून सप्टेंबरवर गेली, मग प्रवेशाचं जागावाटप न्यायालयात अडकलं, आणि पहिल्या वर्षाचे रेसिडेंट प्रत्यक्षात २०२२ उजाडल्यावर आले. तोवर दोन तुकड्या तीन तुकड्यांचं काम ओढत होत्या. पीएनसीमध्ये अर्धा तास एका आईजवळ बसायला माणूसच शिल्लक नव्हता.

शिकवलं तर फरक पडतो, हेही सिद्ध झालेलं आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत हजारो रेसिडेंट आणि डॉक्टरांची देशव्यापी पाहणी झाली होती. तिच्यात दिसलं की पदव्युत्तर शिक्षणातून स्तनपानाबद्दल त्यांना पुरेसं मिळत नव्हतं. ज्यांनी स्वतः पाजलं होतं, किंवा ज्यांच्या घरात बायकोनं पाजलं होतं, त्यांना रुग्णांशी बोलताना जास्त आत्मविश्वास होता. म्हणजे जे कॉलेजनं द्यायचं ते घरानं दिलं. २०१० मध्ये तिथेच दुसरा अभ्यास आला: रेसिडेंटसाठी नेमका अभ्यासक्रम राबवला तेव्हा त्यांचं ज्ञान तर वाढलंच, त्यांच्या रुग्णालयांतल्या आयांमध्ये निव्वळ स्तनपानाचं प्रमाणही वाढलं.

आणखी एक गोष्ट, जी त्या मजकुराच्या लेखकाच्या ध्यानातही आली नसेल. या शिकाऊ डॉक्टरांत काही जणी स्वतः पाजत्या आया होत्या. १६ जानेवारी २०२१ ला आरोग्य कर्मचाऱ्यांचं लसीकरण सुरू झालं तेव्हा पाजणाऱ्या बायकांना लस द्यायची नाही, अशी सूचना होती. ती उठली १९ मे रोजी. मधल्या चार महिन्यांत दुसरी लाट येऊन भिडली. माझ्या विभागातली एक रेसिडेंट, घरी सात महिन्यांचं बाळ, लस न घेता कोविड ड्यूटी करत होती आणि मधल्या वेळात ड्यूटी रूममध्ये दार लावून दूध काढून ठेवत होती. तिला आस्था नव्हती असं माझ्यासमोर कुणी म्हणू नये.

जुन्या डॉक्टरांनी असं केलं नसतं?

जुन्या डॉक्टरांत मी येते, म्हणून सांगते: केलं होतं. आमच्या विद्यार्थिदशेत कित्येक रुग्णालयांत नवजात बाळ आधी नर्सरीत जायचं. आई "थकलेली आहे" म्हणून त्याला चमच्यानं ग्लुकोजचं पाणी दिलं जायचं. लिहून देणारे आमचे वरिष्ठ, पाजणारे आम्ही.

आणि साथीच म्हणाल तर एचआयव्हीची घ्या. नव्वदचं दशक सरताना आणि त्यानंतरची काही वर्षं बाधित आईला आम्ही वरच्या दुधाचा पर्याय सांगत होतो. तिथे धोका कोविडसारखा अंदाजाचा नव्हता, एचआयव्ही दुधातून जातो हे पक्कं ठाऊक होतं. सल्ल्यात अटी होत्या: वरचं दूध परवडणारं हवं, टिकणारं हवं, सुरक्षित हवं. प्रत्यक्षात अटींकडे कुणी पाहत नसे. सार्वजनिक नळावरून पाणी आणणाऱ्या बाईला आम्ही बाटली उकळायला सांगायचो. पुण्यातल्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एचआयव्ही बाधित आयांच्या ज्या बाळांना वरचं दूध दिलं जात होतं, त्यांना पहिल्या महिन्यांत रुग्णालयात भरती करावं लागण्याचं प्रमाण मोठं होतं. तिकडे आफ्रिकेत बोत्सवानामध्ये सरकारच बाधित आयांना पावडरीचे डबे देत होतं. २००६ च्या सुरुवातीला तिथे मोठा पाऊस झाला, पाणी दूषित झालं आणि अतिसाराची साथ आली. तिच्यात गंभीर आजारी पडण्याचा सर्वांत मोठा धोका अंगावर न पिणाऱ्या बाळांना होता.

त्यातून वाट निघाली तीही पुराव्यानंच. पुणे, युगांडा आणि इथिओपिया इथे अंगावर पिणाऱ्या बाळांना सहा आठवडे नेव्हिरापिन हे एचआयव्हीविरोधी औषध देऊन पाहिलं गेलं, निष्कर्ष २००८ मध्ये आले. सहाव्या आठवड्यातली लागण निम्म्यावर आली होती. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सल्ला बदलला: औषधांचं संरक्षण द्या आणि पाजू द्या.

म्हणजे कोविडमध्ये आम्ही जे चुकलो, तेच एकदा आधी चुकून झालं होतं. दूध थांबवण्याचा धोका दूध देण्याच्या धोक्याशेजारी ठेवून मोजायचा असतो, हा धडा पुण्यात, आपल्या दाराशी लिहिला गेला होता. एप्रिल २०२० मध्ये तो मला आठवायला हवा होता. इंटर्नला तो आठवणार नव्हता, कारण एचआयव्हीच्या त्या वर्षांत तो जेमतेम शाळेत जाऊ लागला होता.

त्याच जुन्या पिढीत डॉ. अर्मिडा फर्नांडिस होत्या. त्यांनी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी उभी केली. पिढी पाहून आस्था ठरत नसते.

कंपन्यांनी बांधून घेतलंय?

कंपन्यांची बाजू घ्यायला मी बसलेली नाही. साथीच्या भीतीचा फायदा घेऊन वरच्या दुधाची जाहिरातबाजी होते आहे, असा इशारा जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं मे २०२० मध्येच दिला होता. पण आपल्याकडे १९९२ चा कायदा आहे. २००३ च्या दुरुस्तीनं तो आणखी कडक झाला. बाळाच्या दुधाच्या कंपन्यांना डॉक्टरांना भेट देता येत नाही, त्यांच्या परिषदांना, शिष्यवृत्त्यांना, संशोधनालाही पैसा देता येत नाही. तो मोडला जात असेल तर तक्रार झालीच पाहिजे. मात्र पैसा जातो तो खरेदी आणि शिफारस ज्यांच्या हातात असते त्यांच्याकडे. इंटर्नच्या हातात रक्ताच्या बाटल्यांचा ट्रे असतो.

आजीला कळतं, डॉक्टरांचं काय काम?

या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, म्हणून तो सर्वांत जास्त पटतो. आजीला पुष्कळ कळतं. बाळ कसं धरायचं, बाळंतिणीच्या पाठीला उशी कुठे हवी, तिला धीर कसा द्यायचा. पण चीक पिवळा, घट्ट दिसतो म्हणून पिळून टाकायला सांगणारी, पहिल्याच दिवशी मध चाटवणारी, तिसऱ्या दिवसापर्यंत दूध उतरलं नाही म्हणून बोंडल्यानं गाईचं दूध पाजणारीही बहुतेक वेळा तीच असते. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी चमचा-दीड चमचाच मावतो, चीक तेवढाच येतो, आणि तो पुरतो. हे कुणीतरी तिला सांगावं लागतं.

आकडे पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं रुग्णालयांत झालेली दिसतात. जन्मल्यावर तासाभरात आईचं दूध मिळालेली बाळं मात्र ४१.८ टक्केच. आधीच्या फेरीत हाच आकडा ४१.६ होता. म्हणजे आपण बायकांना घरातून रुग्णालयात आणलं, पण बाळ तासाभरात छातीशी लावलं नाही. महाराष्ट्राची पाहणी तर २०१९ मध्येच, कोविडच्या आधी झाली होती, आणि तेव्हाही आपल्याकडे जेमतेम निम्म्याच बाळांना पहिल्या तासात दूध मिळत होतं. त्या पहिल्या तासात आजी दाराबाहेर असते. आत डॉक्टर असतो, सिस्टर असते, मावशी असते.

आणि कोविडमध्ये तर आजी गेटच्याही बाहेर होती. नातेवाइकांना वॉर्डात बंदीच होती. जिच्याकडून बाळंतीण शिकते ती आई, सासू, थोरली जाऊ, कुणीही जवळ नाही. खाटेशी येणारा एकमेव माणूस पीपीई घातलेला शिकाऊ डॉक्टर. ज्या काळात त्याला हे काम येणं सर्वांत जास्त गरजेचं होतं, त्याच काळाबद्दल 'त्याचं इथे काय काम' असं मजकूर विचारतो.

एप्रिलमधल्या त्या पहिलटकरणीची गोष्ट अर्धी राहिली. ती निगेटिव्ह होऊन आमच्या वॉर्डात आली तेव्हा बाळ पंधरा दिवसांचं होतं आणि वाटी-चमच्याला सरावलेलं. छातीला लावलं की मान फिरवून रडायचं. तिचं दूध जवळजवळ आटलं होतं. ती म्हणाली, "राहू दे मॅडम, डब्यावरच वाढवते." मी मान डोलावली असती. तीच इंटर्न पुढे झाली. तिनं कुठलासा प्रशिक्षणाचा व्हिडिओ रात्रीत पाहिला होता. हातानं दूध कसं काढायचं ते दाखवायला तिनं हातमोजा पाण्यानं भरून आणला, बोटाला टाचणीनं भोक पाडून, आणि त्या मुलीच्या हातात दिला. मग दोन-दोन तासांनी बाळ छातीशी लावायचं, आणि ते ओढायला लागावं म्हणून सिरिंजनं दुधाचे थेंब स्तनावरून त्याच्या ओठांपर्यंत सोडत राहायचं. दिवसा ती स्वतः, रात्री सिस्टर. पहिले तीन दिवस काहीच हललं नाही. चौथ्या दिवशी बाळानं मान फिरवणं सोडलं. आठव्या दिवशी राऊंडला गेले तर ती इंटर्न खाटेच्या कडेला बसून वहीत लिहीत होती. सिरिंज ट्रेमध्ये तशीच भरलेली पडली होती, आणि बाळ पीत होतं.